‘पास आऊट’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. येणारी मुलं बहुतेक मराठी माध्यमातली, काही नोकरी करून थेट वर्गात येणारी. गेल्या काही वर्षांत वर्गात, फोनवर आणि मेसेजमधून सगळ्यात जास्त प्रश्न आले ते एकाच जोडीवर: ‘पास आऊट’. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचून बघा, लवकर जिभेवर बसतील.

१. ‘पास आऊट’ म्हणजे नेमकं काय? आधी थोडक्यात सांगा.

चार अर्थ लक्षात ठेवा. पहिला, शुद्ध हरपणे: ‘ही पास्ड आऊट ऑन द प्लॅटफॉर्म’, म्हणजे तो प्लॅटफॉर्मवर चक्कर येऊन पडला. दुसरा, वाटणे: ‘पास आऊट द पेपर्स’, म्हणजे पेपर वाटा. तिसरा, लष्कराचं किंवा पोलिसांचं प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणे. चौथा, शाळा-कॉलेजचं शिक्षण पुरं करणे, आणि हा मुख्यतः आपल्याकडचा.

इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाच्या डोक्यात पहिला अर्थ आधी येतो, आपल्या डोक्यात चौथा. सगळा घोळ तिथेच होतो.

२. मी इंटरव्ह्यूला ‘आय पास्ड आऊट इन २०१५’ म्हणालो. मित्र म्हणतो हे चुकीचं इंग्रजी आहे. खरंच का, मॅडम?

मी त्याला चूक म्हणणार नाही. भारतीय इंग्रजीतला हा रुळलेला प्रयोग आहे. नोकरीच्या जाहिरातीत ‘२०२४ पासआऊट’ असं छापलेलं तुम्ही रोज वाचता. अंधेरीच्या ऑफिसात मुलाखत घेणारा आणि देणारा दोघेही इथलेच असले, तर त्या वाक्याने कुणाचंच अडत नाही. शिवाय हा प्रयोग हवेतून आलेला नाही. ब्रिटिश इंग्रजीत कॅडेट प्रशिक्षण संपवून ‘पास आऊट’ होतात (प्रश्न ९ पाहा). आपण तोच शब्द परेड ग्राउंडवरून उचलून कॉलेजच्या फाटकापर्यंत आणला, असं माझं मत आहे.

अडचण येते ती ऐकणारा बाहेरचा असला की. हे मला महागात पडून कळलं. नोकरी शोधत होते तेव्हा एक मुलाखत फोनवर झाली, पलीकडे इंग्लंडमधल्या एक बाई होत्या. शिक्षणाबद्दल विचारल्यावर मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ‘आय पास्ड आऊट इन नाइन्टीन नाइन्टी सिक्स.’ दोन क्षण काहीच आवाज आला नाही. मग अगदी काळजीच्या सुरात त्या म्हणाल्या, ‘अँड आर यू ऑल राइट नाऊ?’ मला प्रश्नच कळला नाही. ‘येस मॅडम’ म्हणून मी पुढे गेले, पण काहीतरी चुकलंय एवढं जाणवलं आणि पुढची दहा मिनिटं घशातून आवाज धड निघेना. ती नोकरी मिळाली नाही. त्या एका वाक्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही, पण काय चुकलं हे सांगणारं कुणी नव्हतं याचं दुःख फार दिवस राहिलं. चार वर्षांनी कोश चाळताना उलगडा झाला.

माझ्या वर्गातल्या एकाही मुलावर ती वेळ येऊ नये, म्हणून मी हा शब्द पहिल्याच आठवड्यात शिकवते.

३. मग बाहेरच्या माणसाशी बोलताना काय म्हणायचं?

पदवी झाली असेल तर ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१५’. कॉलेजचं नाव घ्यायचं तर ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ आणि पुढे नाव. यातला ‘फ्रॉम’ गाळू नका.

दहावी-बारावीसाठी जरा सांभाळून. अमेरिकेत बारावी झालेला मुलगाही ‘हायस्कूल ग्रॅज्युएट’ असतो, पण इंग्लंडमध्ये ‘ग्रॅज्युएट’ म्हटलं की सहसा विद्यापीठाची पदवीच समजतात. ‘आय फिनिश्ड स्कूल इन २०१९’ दोन्हीकडे चालतं. आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर ‘आय कम्प्लिटेड माय डिप्लोमा इन २०१८’. ‘कम्प्लिटेड’ हा सगळ्यात बिनधोक शब्द आहे, कुठल्याही शिक्षणाला आणि कुठल्याही देशात लागू पडतो.

‘आय ॲम अ २०१५ पासआऊट’ याला पर्याय म्हणजे ‘क्लास ऑफ २०१५’. हा प्रयोग मूळचा अमेरिकी, पण आता सगळीकडे कळतो.

४. ‘आय पास्ड आऊट’ आणि ‘आय ॲम पास्ड आऊट’ यांत फरक आहे का?

आहे, आणि मोठा. आपण मराठीत ‘मी पासआऊट आहे’ म्हणतो, तेच इंग्रजीत नेलं की ‘आय ॲम पास्ड आऊट’ होतं. त्याचा अर्थ ‘मी या क्षणी बेशुद्ध आहे’. असं बोलणारा माणूस शुद्धीवर असतो, त्यामुळे ऐकणारा अधिकच गोंधळतो. ‘आय पास्ड आऊट फ्रॉम सच अँड सच कॉलेज’ यातून निदान संदर्भाने अर्थ लागतो, ‘ॲम’ घातलं की तोही लागत नाही. प्रश्न २ मधला प्रयोग मी सोडून देते, पण हा मात्र वर्गात प्रत्येक वेळी थांबवून दुरुस्त करते.

५. ‘पास’ हा शब्द मुळात आला कुठून?

पावलातून. लॅटिनमध्ये ‘पासुस’ म्हणजे पाऊल. त्यावरून बोली लॅटिनमध्ये ‘पासारे’, म्हणजे पाऊल टाकणे, पुढे जाणे. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये ‘पासे’ झालं आणि तिथून तो इंग्रजीत आला. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत शिरला, त्यातलाच हा. ‘आऊट’ मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतला, त्याचं जुनं रूप ‘ऊत’. म्हणजे या जोडीतला एक शब्द बाहेरून आलेला आणि दुसरा घरचा.

रोमन लोकांचा ‘पासुस’ म्हणजे डावं आणि उजवं अशी दोन पावलं मिळून होणारं अंतर, आजच्या मापाने साधारण १.४८ मीटर. असे हजार ‘पासुस’ म्हणजे ‘मिले पासुस’, आणि यातल्या ‘मिले’पासून इंग्रजीतला ‘माइल’ तयार झाला. मुंबईत याची खूण हाताने चाचपता येते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शहरात काळ्या दगडाचे मैलाचे दगड रोवले. त्यांवरचं अंतर मोजलं होतं फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथिड्रलपासून, ज्या चर्चवरून चर्चगेट हे नाव पडलं तिथपासून. त्यातले काही दगड फूटपाथच्या थरांखाली गाडले गेले होते, अलीकडे ते उकरून स्वच्छ केलेत. मी मुलांना असा एक दगड दाखवायला नेलं होतं. त्यावर रोमन आकडा आणि खाली ‘माइल्स फ्रॉम सेंट थॉमस चर्च’ अशी अक्षरं. एका मुलीने अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, ‘म्हणजे हे पावलांत मोजलंय?’ मुळात हो.

‘पॅसेज’, ‘पासपोर्ट’, ‘पॅसेंजर’, ‘पेस’, ‘पास्ट’ ही सगळी याच पावलाची भावंडं.

६. पण एकाच जोडीला इतके वेगवेगळे अर्थ कसे? बेशुद्ध पडणं कुठे, पदवी मिळवणं कुठे आणि पेपर वाटणं कुठे!

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. याचं उत्तर समजलं की नुसता ‘पास आऊट’ नाही, अशा शेकडो फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापद आणि मागे छोटा शब्द अशा जोड्या, आपोआप उलगडतात.

गुपित ‘पास’मध्ये नाही, ‘आऊट’मध्ये आहे. ‘आऊट’चे निदान तीन धागे आहेत. पहिला, आतून बाहेर जाणे: ‘वॉक आऊट’, ‘गेट आऊट’. दुसरा, एका हातातून अनेकांकडे जाणे: ‘हँड आऊट’, ‘गिव्ह आऊट’. तिसरा, विझणे: ‘द लाइट वेंट आऊट’, ‘ब्लो आऊट द कँडल’, ‘पुट आऊट द फायर’. आता ‘पास’ला प्रत्येक धाग्याला बांधून बघा. संस्थेच्या आतून पाऊल बाहेर टाकलं, शिक्षण पुरं झालं. वस्तू एकाकडून अनेकांकडे सरकवली, वाटली. डोक्यातला दिवा विझला, शुद्ध गेली. आपणही म्हणतोच ना, ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’.

हे इंग्रजीचंच वेड आहे असं समजू नका. संस्कृतातल्या ‘हृ’ धातूपासूनचा ‘हार’ घ्या. प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार. धातू एकच, पण आहाराला बसलेल्या माणसाला संहाराशी काही देणंघेणं नाही. संस्कृतात अर्थ बदलणारा तो चिमुकला शब्द (प्र, आ, वि, सं, परि) आधी येतो, इंग्रजीत नंतर येतो, काम तेच.

आणि आपलं मराठी ‘पडणे’? आजारी पडणे, महागात पडणे, उघडं पडणे, तोंडघशी पडणे, प्रेमात पडणे. यात खरोखर वरून खाली किती जण पडले? आता नीट ऐका: कॉलेजातून आपण ‘बाहेर पडतो’. आणि उन्हात चक्कर आली की ‘बेशुद्ध पडतो’. इंग्रजांनी ज्या दोन गोष्टी ‘पास’ने जोडल्या, त्याच आपण ‘पडणे’ने जोडल्या. ‘मी ९६ साली कॉलेजातून बाहेर पडले’ हे शुद्ध, जुनं, घरातलं मराठी आहे, आणि शब्दाला शब्द लावला तर ते ‘पास्ड आऊट’च होतं. हा प्रयोग आपल्या जिभेवर इतका चटकन का बसला याचं एक कारण मला यात दिसतं. मराठी मुलगा ‘आय पास्ड आऊट’ म्हणतो तेव्हा तो अडाणीपणा करत नाही, स्वतःच्या भाषेचा नैसर्गिक विचार इंग्रजीत घालतो.

या जोड्या परक्याला जड जातात हे खुद्द इंग्रजांनाही ठाऊक होतं. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला मोठा इंग्रजी कोश छापला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय की क्रियापदाच्या मागे छोटा शब्द लावून अर्थ बदलण्याची ही रीत परदेशी माणसाला सर्वाधिक अवघड जाते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नावसुद्धा बरंच नंतरचं, १९२५च्या आसपास रूढ झालेलं. तेव्हा पाठ होत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. पाठ करूच नका, ‘आऊट’चा धागा ओळखा.

७. ‘बेशुद्ध पडणे’ हा अर्थ किती जुना आहे? आणि ‘फेंट’ व ‘पास आऊट’ यांत फरक काय?

अर्थ फार जुना नाही. लिखाणात तो १९१५च्या सुमारास सापडतो. त्याच्या आधी, १८९९च्या आसपास, ‘पास आऊट’चा एक अर्थ चक्क ‘मरणे’ असा होता. तोच पुढे सौम्य होऊन ‘शुद्ध हरपणे’वर आला असावा असं अभ्यासक मानतात.

‘फेंट’ म्हणजे भोवळ येऊन थोडा वेळ शुद्ध जाणे. गर्दी, ऊन, उपाशीपोट, रक्त बघणे अशा कारणांनी येते ती घेरी. ‘पास आऊट’ त्याहून ऐसपैस आहे. त्यात घेरी आली, दारू पिऊन आडवं होणं आलं, आणि दमून गाढ झोपून जाणंही आलं (शेवटचा प्रश्न पाहा). डॉक्टरांना सांगताना नुसतं ‘पास्ड आऊट’ म्हणून थांबू नका, किती वेळ शुद्ध नव्हती आणि त्याआधी काय झालं ते सांगा.

८. ‘वाटणे’ या अर्थी वापरताना शब्दांचा क्रम कसा ठेवायचा?

‘पास आऊट द बुक्स’ आणि ‘पास द बुक्स आऊट’ दोन्ही बरोबर. पण ‘देम’ वापरलं तर ते मध्येच हवं: ‘पास देम आऊट’. ‘पास आऊट देम’ चालत नाही. हा अर्थ १९२६च्या सुमारास लिखाणात दिसू लागला. ब्रिटिश माणूस इथे बहुधा ‘हँड आऊट’ म्हणेल.

बेशुद्धीच्या अर्थी मात्र पुढे कर्म येतच नाही. कुणी कुणाला ‘पास आऊट’ करत नाही, माणूस स्वतःच होतो. वाक्यात वस्तू दिसली तर वाटण्याचा अर्थ आहे हे ओळखायची ही सोपी खूण.

९. ‘पासिंग आऊट परेड’ म्हणजे काय? मराठीत तिला काय म्हणतात?

प्रशिक्षण संपल्यावर होणारं शेवटचं संचलन. मराठी वर्तमानपत्रं ‘दीक्षांत संचलन’ लिहितात, आणि हा शब्द मला फार आवडतो. नाशिकच्या महाराष्ट्र पोलिस अकादमीतल्या बातम्यांत तो हमखास दिसतो.

आपल्याला जवळची परेड खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, वर्षातून दोनदा होणारी. ३० मे २०२५ला तिथून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या दिवशी वर्गात ‘सेव्हन्टीन विमेन कॅडेट्स पास्ड आऊट’ ही ओळ फळ्यावर लिहून मी विचारलं, हे वाक्य कुठल्या देशात बरोबर आहे? उत्तर: भारतात आणि इंग्लंडमध्येही. अमेरिकी वाचक मात्र क्षणभर घाबरेल, कारण तिथे लष्करातही ‘ग्रॅज्युएट’च म्हणतात.

डेहराडूनची भारतीय सैन्य अकादमी १९३२ सालची. तिथे परेडच्या अखेरीस कॅडेट एक रेषा ओलांडतात, तिचं नाव ‘अंतिम पग’. पग म्हणजे पाऊल. प्रश्न ५ आठवा, ‘पास’च्या मुळाशीही पाऊलच आहे. हे नाव देणाऱ्यांच्या मनात लॅटिन असेल असं नाही, तरी ‘पास आऊट’चं याहून नेमकं भाषांतर माझ्या पाहण्यात नाही.

१०. सोसायटीच्या ग्रुपवर मी ‘माय फादर-इन-लॉ पास्ड आऊट’ लिहिलं आणि लोकांनी श्रद्धांजली वाहायला सुरुवात केली. माझं काय चुकलं?

तुमचं इंग्रजी चुकलं नव्हतं. सासऱ्यांना चक्कर आली होती, आणि त्याला ‘पास्ड आऊट’ हाच शब्द. वाचणाऱ्यांनी ‘पास्ड अवे’ वाचलं. मुलुंडहून हा मेसेज आला तेव्हा मला त्या घराची अवस्था कळली. आजारी माणूस घरात आणि फोन शांत होईना. अशा वेळी ‘फेंटेड’ लिहावं आणि लगेच पुढे ‘ही इज फाइन नाऊ’. बातमी आजाराची असेल तर शब्दांत चुकूनही संदिग्धता नको.

या कुटुंबातले तीन शब्द वेगळे ठेवा. ‘पास अवे’ म्हणजे वारणे, निधन होणे. ‘पास ऑन’चा तोच अर्थ होतो, पण निरोप किंवा वस्तू पुढे देणे हाही होतो. ‘पास ऑफ’चा मृत्यूशी काही संबंध नाही. मुंबईत आपण ‘आजोबा ऑफ झाले’ म्हणतो, त्यामुळे मुलं ‘माय ग्रँडफादर पास्ड ऑफ’ लिहितात. ‘पास ऑफ’ म्हणजे पार पडणे: ‘द मोर्चा पास्ड ऑफ पीसफुली’. (पुन्हा आपलं ‘पडणे’च!) किंवा एक गोष्ट दुसरीच म्हणून खपवणे. दुसऱ्या राज्यातला आंबा पेटीत भरून देवगड हापूस म्हणून विकला, तर त्याने तो आंबा ‘पास्ड ऑफ ॲज देवगड हापूस’. ट्रेडमार्कच्या दाव्यांत वकील ‘पासिंग ऑफ’ म्हणतात ते हेच.

आणि ‘एक्स्पायर झाले’ हे माणसाबद्दल इंग्रजीत लिहू नका. कानाला ते औषधाच्या बाटलीसारखं लागतं.

११. फॉर्मवर ‘इयर ऑफ पासिंग’ असतं, ते परदेशी अर्जात तसंच लिहिलं तर चालेल का?

आपल्या फॉर्मवर छापलंय तिथे बिनदिक्कत भरा. पण स्वतःच्या बायोडेटात तो मथळा ठेवू नका. इंग्रजीत ‘पासिंग’ हे नाम म्हणून आलं की अनेकदा निधनच समजतात: ‘आफ्टर हिज पासिंग’. ‘इयर ऑफ ग्रॅज्युएशन’ किंवा ‘इयर कम्प्लिटेड’ लिहा.

आपल्याकडे या ‘पासिंग’ने आणखी एक घर केलंय. ‘गाडी एमएच ०१ पासिंगची आहे’, म्हणजे ताडदेव आरटीओची नोंदणी. हे अस्सल आपलं आहे. मराठीत जरूर बोला, बाहेरच्याला ‘रजिस्टर्ड’ म्हणा.

१२. एटीकेटी आहे, शेवटची सेमिस्टर झाली आहे. मी पासआऊट म्हणवून घेऊ शकतो का?

नाही. ‘पासआऊट’ म्हटलं की कंपनी सगळे विषय सुटलेत असं धरते, आणि गुणपत्रिका मागितल्यावर खोटं बोलल्यासारखं होतं. खरं ते सांगा: ‘आय हॅव कम्प्लिटेड माय फायनल सेमिस्टर, वन सब्जेक्ट इज पेंडिंग.’ एटीकेटी, म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’, ही आपल्या विद्यापीठांची बोली आहे, परदेशात कुणाला कळणार नाही. ‘बॅकलॉग’ म्हणा आणि एका वाक्यात समजावा.

१३. नापास, टाइमपास, रेल्वेचा पास: हे सगळे त्याच ‘पास’मधले का?

हो, तिन्ही.

‘नापास’ तर दोन भाषांचा सांधा आहे. ‘ना’ फारसी, नालायक-नाराजमधला, आणि ‘पास’ इंग्रजी. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, आणि न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. पास-नापासाची धास्ती घराघरांत शिरली ती अशा परीक्षांसोबत. ‘उत्तीर्ण’ हा संस्कृत शब्द बघा, त्याचा अर्थ तरून पार गेलेला. इथेही पलीकडे जाणंच.

‘टाइमपास’ शेंगदाणेवाल्याच्या तोंडी ऐकून तो आपलाच वाटतो, आणि आहेही. पण इंग्रजीत ‘पासटाइम’ आधीपासून आहे, फ्रेंच ‘पास-तां’च्या धर्तीवर घडवलेला. अर्थ मात्र वेगळे: ‘पासटाइम’ म्हणजे छंद, ‘टाइमपास’ म्हणजे वेळ कसाबसा काढणे. मुलाखतीत छंद विचारला तर ‘रीडिंग इज माय टाइमपास’ म्हणू नका.

लोकलचा पास म्हणजे फाटकातून जाण्याची मुभा. इंग्लंडमध्ये त्याला ‘सीझन तिकीट’ म्हणतात. हॉस्टेलचा ‘आऊट पास’ही याच जातीचा, फक्त तिथे ‘आऊट’ पुढे आलाय.

१४. मग ‘पासून’, ‘पाशी’, ‘आसपास’ हेही इंग्रजी ‘पास’मधूनच आले का?

मुळीच नाही. ते संस्कृत ‘पार्श्व’, म्हणजे बाजू, कूस, यावरून प्राकृतातून आले. हिंदी ‘मेरे पास’सुद्धा तिथलंच. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. ‘परीक्षेपासून पासपर्यंत’ या दोन शब्दांत दोन वेगवेगळे ‘पास’ शेजारी बसलेत.

१५. उच्चार ‘पास्ड’ की ‘पास्ट’?

बोलताना ‘पास्ट आऊट’, ‘ट’ पुढच्या स्वराला चिकटून: ‘पास्टाऊट’. इथे मी ‘पास्ड’ लिहिलंय ते भूतकाळाचं रूप डोळ्यांना दिसावं म्हणून. क्रियापद असेल तर जोर ‘आऊट’वर, नाम असेल (‘अ पासआऊट’) तर ‘पास’वर. स्पेलिंग मात्र शेवटी ‘ई-डी’ असलेलंच हवं, ‘भूतकाळ’ या अर्थाच्या ‘पास्ट’चं नव्हे.

१६. माझी मुलगी घरी मराठी बोलताना ‘मी पासआऊट झाले’ म्हणते. तोडू का?

तोडू नका. मराठीत तो शब्द आता स्थिरावलाय आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतो. फक्त ‘मी बाहेर पडले’, ‘पदवीधर झाले’, ‘शिक्षण पुरं झालं’ हेही तिच्या कानावर पडू द्या. तुम्ही बोललात की ती बोलेल.

१७. अमेरिकन क्लायंट कॉलवर म्हणाला, ‘सॉरी, आय पास्ड आऊट ॲट नाइन लास्ट नाइट.’ त्याची तब्येत विचारू का?

गरज नाही. दमून नऊलाच गाढ झोप लागली, एवढंच तो सांगतोय. त्यामुळे तुमचा मेल त्याने वाचलेला नसणार. मेल पुन्हा पाठवा.